आप्पा, "आता तुम्ही मला दाखवा" म्हणालात त्याबद्दल

आदरणीय आप्पांस,
सविनय नमस्कार.

भुसावळहून वरणगाव काही दूर नाही, तेव्हा आपण मला नेमबाजी शिकवलीत त्याबद्दलच्या आभाराचे हे पत्र आपल्या हातातच द्यायला हवे होते. तरीही ते चारचौघांना वाचता येईल असे लिहीत आहे, त्याला दोन कारणे आहेत. आपल्यासमोर आभाराचा शब्द काढला की आपण "चहा टाकू का?" असे म्हणून विषय बदलता, हे एक. आणि आपल्याकडे पोहोचण्यापूर्वी ज्यांनी मला भरभरून सल्ले दिले, त्यांपैकी कोणाच्या तरी नजरेस हे पडावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, हे दुसरे.

चाळिशी उलटलेल्या बाईला नेमबाजी शिकावीशी का वाटली, हे आपण मला कधी विचारले नाही. बाकी सर्वांनी विचारले, म्हणून येथे सांगून टाकते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा आमच्यासारख्या रेल्वेच्या गावात घरचे लग्न निघाल्यासारखा आनंद झाला. मला मात्र त्याच्या चार दिवस आधी मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात मिळवलेले कांस्य अधिक लागून राहिले. एक हात कमरेशी, दुसरा सरळ पुढे, आणि बाकी सगळे शरीर स्तब्ध. हे आपल्यालाही एकदा करून पाहता येईल का, एवढाच तो विचार होता. कोणापासून संरक्षण करायचे नव्हते, कोणाला धाक दाखवायचा नव्हता. पण बाईने पिस्तुलाचे नाव काढले की समोरच्याला पहिल्यांदा गुंड दिसतात, त्याला मी काय करणार?

त्यामुळे पहिला सल्ला मिळाला तो रिव्हॉल्व्हरचा. पिकाच्या राखणीसाठी घरात पिढ्यान्‌पिढ्या बारा बोअरची बंदूक असलेल्या आमच्या एका नातेवाइकांनी, घ्यायचीच तर परवाना काढून बायकांची म्हणून निघालेली 'निर्भीक' घ्या, असे सांगितले. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये काढलेली ही .३२ ची रिव्हॉल्व्हर अवघ्या अर्ध्या किलोची, पर्समध्ये मावणारी. तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. हलकी आहे म्हणून बाईला सोपी, असा त्यामागचा हिशेब होता. हा हिशेब उलटा कसा आहे ते मला पुढे आपल्याकडून कळले. तीच गोळी हलक्या शस्त्रातून सुटली की हाताला बसणारा धक्का जास्त असतो, कारण तो शोषायला शस्त्राचे वजनच नसते. म्हणजे नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी सर्वांत जास्त दचकवणारी वस्तू द्यायची, आणि ती बिचकली की बायकांना हे जमत नाही म्हणून मोकळे व्हायचे.

एका मोठ्या शहरातील दुकानात तर माझ्याशी कोणी बोललेच नाही. दुकानदार माझ्या यजमानांकडे पाहून विचारत होता, "मॅडमसाठी लेडीज मॉडेल दाखवू का?" यजमान बिचारे तीनदा म्हणाले की शिकायचे तिला आहे, मला यातले काही कळत नाही; तरी प्रश्न त्यांनाच. दाखवलेली वस्तू गुलाबी मुठीची होती, आणि नळी मोडून स्प्रिंग दाबायला एवढी कठीण की दुकानदाराच्या पोरानेच ती गुडघ्याला लावून भरून दिली. आपण मला सांगितले होते, आणि मी नंतर वाचूनही पाहिले, की स्पर्धेच्या नियमांत लेडीज मॉडेल नावाचे काही नाहीच. एअर पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त दीड किलो, चाप ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर, छर्रा ४.५ मिलिमीटरचा, हे स्त्रीपुरुष दोघांनाही सारखेच. पूर्वी महिलांना ४० आणि पुरुषांना ६० छर्रे असत. २०१८ पासून तोही फरक गेला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले. दुकानांना मात्र ही बातमी अजून लागलेली दिसत नाही.

तिसरा अनुभव एका प्रशिक्षण केंद्राचा, आणि तो सांगताना अजूनही अंगावर काटा येतो. तेथील प्रशिक्षकांनी पिस्तूल उचलले, नळी सरळ माझ्या पोटाकडे ठेवून माझ्यापुढे धरले आणि हसत म्हणाले, "घ्या, रिकामंच आहे, घाबरता काय!" मी घाबरले होते हे खरे. घाबरायलाच हवे होते असे आता वाटते.

एवढे सगळे घेऊन मी आपल्या त्या बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात आले. पत्र्याखाली उकाडा मी म्हणत होता आणि कोपऱ्यात सरकीचा जुना वास अजून टिकून होता. आयुष्यभर दारूगोळा कारखान्यात काडतुसांच्या चाचणीवर काम केलेले निवृत्त गृहस्थ तेथे नेमबाजीच्या चार लेन लावून मुलांना शिकवतात, एवढेच ऐकून होते. आपण माझे नाव विचारलेत, बसायला खुर्ची दिलीत, आणि मग जे केलेत त्यासाठी हे सारे पत्र आहे.

आपण पिस्तूल टेबलावर ठेवलेत. नळी टार्गेटच्या दिशेला, छर्रा भरण्याची कळ उघडी, आणि नळीतून आरपार ओवलेली नारिंगी दोरी, तिची दोन्ही टोके बाहेर आलेली. "उचलू नका. आधी बघा," एवढेच म्हणालात. मी वाकून पाहिले. दोरी आरपार आहे म्हणजे आत काही नाही, हे मला सांगावे लागले नाही. ते दिसतच होते. मग आपण दोरी काढलीत, रिकामी जागा दाखवलीत, पिस्तूल पुन्हा तसेच खाली ठेवलेत आणि दोन पावले मागे झालात. "आता तुम्ही मला दाखवा."

मी ते उचलले, नळी समोरच ठेवून कळ आपल्या बाजूला वळवली. आपण चष्मा कपाळावर चढवून, खाली वाकून, अगदी निरखून पाहिलेत. ते रिकामे असल्याचे आपल्याला ठाऊक होते. अर्ध्या मिनिटापूर्वी आपणच पाहिले होते. तरीही आपण पाहिलेत, आणि मग "बरोबर. रिकामं आहे," असे म्हणालात. मी शस्त्र हातात धरले होते आणि त्याच क्षणी, आयुष्यात प्रथमच, कोणीतरी त्याची जबाबदारी पूर्णपणे माझ्यावर सोपवली होती. मला धीर दिला नाहीत, घाबरू नका म्हणाला नाहीत, बाई म्हणून हळुवार वागला नाहीत. माझ्या सांगण्यावर आपल्या जिवाची सुरक्षितता अवलंबून आहे असे धरून वागलात. आप्पा, बँकेत, कचेरीत, दवाखान्यात, कोठेही, आमच्यासारख्या बायकांनी दाखवलेली गोष्ट कोणी इतकी नीट पाहत नाही. वरवर नजर टाकतात आणि शेजारच्या पुरुषाला विचारतात. त्या दिवशी घरी जाताना मी यजमानांना नेमबाजीविषयी काहीच सांगितले नाही. केवळ हे एवढे सांगितले आणि माझे डोळे भरून आले. ते का, हे त्यांना लगेच समजले, ही माझी आणखी एक भाग्याची गोष्ट.

पुढचे सगळे त्यातूनच आले. विकत काहीही घ्यायचे नाही, आधी येथलीच पिस्तुले वापरा, हे आपले पहिले वाक्य दुकानदारांच्या पोटावर पाय आणणारे होते. मी घाई केली की "घाई कायले करतं माय, टार्गेट काय पळून चाललं?" हे ठरलेले. मग आपण दोन्ही हातांनी छिद्र करून त्यातून भिंतीवरचे कॅलेंडर पाहायला लावलेत आणि एकेक डोळा मिटायला सांगितलात. तेव्हा कळले की मी उजव्या हाताची, पण नेम धरणारा डोळा माझा डावा. याआधी मला रायफलच घ्या असे छातीठोकपणे सांगणाऱ्या एकानेही हे तपासले नव्हते. रायफल ज्या खांद्याला लावायची त्याच बाजूचा डोळा नेम धरायच्या साईटमागे यावा लागतो, त्यामुळे माझ्यासारखीची तेथे ओढाताण होते. पिस्तूल लांब केलेल्या हातात असते, ते थोडे सरकवून डाव्या डोळ्यासमोर आणता येते आणि दुसऱ्या डोळ्यापुढे चष्म्याला लहानशी पट्टी लावली की काम भागते. शिवाय रायफलीला जाड जाकीट, पँट आणि बूट यांचा खर्च वेगळाच. माझे पिस्तूल असे ठरले, आणि कारणे समजून ठरले.

मग पिस्तुलाची मूठ. कोऱ्या कागदावर माझा हात ठेवून आपण मलाच पेन्सिलीने कड काढायला सांगितलीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत पट्टी लावली आणि म्हणालात की शस्त्र निवडताना पाहायचे ते हे अंतर. चापावर बोटाचे पेर सपाट बसले पाहिजे आणि दाब सरळ मागे गेला पाहिजे. मूठ मोठी असेल तर बोटाचे टोकच कसेबसे पोहोचते, चाप तिरका ओढला जातो आणि छर्रा बाजूला जातो. प्रशिक्षण केंद्रात माझे सगळे छर्रे डावीकडे का जात होते, आणि तेथे त्याला बायकांचा हात थरथरतो असे नाव का मिळाले होते, याचा उलगडा त्या कागदावर झाला. तो कागद मी जपून ठेवला आहे. लहान मापाची मूठ लावून, तीही तळहाताशी जेथे पोकळ राहत होती तेथे भुसा आणि गोंदाचा लेप भरून, पॉलिश पेपरने घासत आपण ती माझ्या हाताची केलीत. उन्हाळ्यात घामाने निसटू नये म्हणून लाकूड खडबडीत ठेवलेत, तेही न सांगता.

वजनाच्या बाबतीतही आपण मला फुकट दिलासा दिला नाहीत. पिस्तूल सुमारे किलोभराचे. स्पर्धेत ६० छर्रे ७५ मिनिटांत, म्हणजे तेवढ्या वेळा हात वर न्यायचा आणि खाली आणायचा. पाण्याने भरलेली लिटरची बाटली ताठ हाताने धरून उभे राहण्याचा सराव मी आजही स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत करते. सासूबाईंना सुरुवातीला ही काहीतरी नवी उपासना वाटली होती.

खरेदीची हकिकत थोडक्यात सांगते. परदेशी बनावटीचे नवे पिस्तूल तेव्हा दीड-दोन लाखांच्या घरात जात होते, म्हणून जुने पाहायचे ठरले. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूल ताकदीच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, त्यामुळे व्यवहार सोपा असेल असे मला वाटले होते. एका विक्रेत्याने वस्तू चकचकीत पुसून मांडली होती. आपण पिस्तुलाकडे न पाहता त्याच्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचलीत. अशा सिलिंडरचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे, आणि हा केव्हाच बाद झालेला. आत २०० बार दाबाची हवा भरायची असते, हे त्या गृहस्थांना नक्कीच ठाऊक असणार. आपण आवाजही चढवला नाहीत. "हा आम्हाला चालणार नाही," म्हणून पेटी बंद करून परत दिलीत. दुसऱ्या ठिकाणचे पिस्तूल पसंत पडले तेव्हा आपण पिशवीतून वाण्याकडचे अर्धा किलोचे माप काढून तारेने चापाला अडकवलेत आणि नळी वर धरून उचललेत. चाप सुटला नाही. स्पर्धेतही याच रीतीने तपासतात, असे सांगून ते माप पुन्हा पिशवीत टाकलेत. समोरच्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात धुतल्याखेरीज खाण्याला हात लावायचा नाही. पेटीला कुलूप आणि किल्ली स्वतःकडे. या आपल्या दोन अटी आमच्या घरात आता सोवळ्यासारख्या पाळल्या जातात.

फीचा विषय काढला तर आपण घेत नाही, म्हणून मी कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन येते, ते मात्र आपण नाकारत नाही. सज्जनपणाचे मोठे दाखले लोक पुराणातून देतात. मला वाटते, समोरच्या माणसाला प्रश्न त्याचा त्यालाच विचारणे, त्याचे उत्तर संपेपर्यंत थांबणे, आणि आपल्याला येत असलेली गोष्ट मिरवण्याऐवजी त्याच्या हाती देणे, एवढे ज्याला साधले त्याला आणखी काही शिकावे लागत नाही. आपल्याकडे येणाऱ्या शाळकरी पोरांनाही आपण अहोजाहो करता, ते मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा गंमत वाटली होती. आता त्याचे कारण कळते. ज्याच्या हातात शस्त्र द्यायचे त्याला आधी मोठे मानावे लागते.

एक काम आहे. आमच्या बुकिंग ऑफिसातल्या दोघी येत्या रविवारी माझ्याबरोबर येऊ म्हणतात. त्यांतली एक डावखुरी आहे, आणि गोदामातल्या सगळ्या मुठी उजव्या हाताच्या आहेत हे मी तिला सांगून ठेवले आहे. डाव्या हाताची एखादी मूठ कोणाकडून मिळते का ते पाहून ठेवावे. नसेल तर तिच्या हाताची कड मी कागदावर काढून आधीच पाठवते. पेन्सील तिच्याच हातात देईन.

आपली विद्यार्थिनी,
भुसावळ