मुलगी असता, तर वकील मिळाला असता

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टासमोर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देण्याचं माझं काम. गेल्या महिन्यात दिंडोरीकडचा 19 वर्षांचा मुलगा आला. वडील वारले, आईनं दुसरं लग्न केलं, हा बालसंगोपन योजनेत (संस्थेऐवजी कुटुंबात वाढणाऱ्या मुलांसाठीची सरकारी मदत) मावशीकडे वाढला. वडिलांमागे त्याच्या नावावर लागलेली जमीन, हा अज्ञान (18 वर्षांखालचा) असतानाच, आईनं कोर्टाची परवानगी न घेता विकून टाकली. सातबारा काढला तेव्हा कुठे त्याला कळलं.

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार असा व्यवहार रद्द करून मागता येतो. मुदत मात्र सज्ञान झाल्यापासून 3 वर्षं. त्यातलं एक गेलंच आहे.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागायला गेला, तर उत्पन्नाचा दाखला आणा म्हणाले. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे दोन वर्षांपूर्वी आला असता तर कुणी विचारलं नसतं आणि मुलगी असता तर आजही नाही. आता वार्षिक उत्पन्नाला 3 लाखांची मर्यादा. दाखल्याला रेशनकार्ड हवं, त्यावर मावशीचे यजमान. त्यांचं उत्पन्न धरलं की पोरगा एकदम श्रीमंत! कलम 13 म्हणतं, उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्रही पुरेसं मानता येईल. ते मी टाइप करून दिलं (पैसे घेतले नाहीत). खिडकीवर उत्तर मिळालं, 'साहेबांना विचारून सांगतो.'

बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांना निदान 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाचा, म्हणजे 18 नंतरच्या मदतीचा, आधार आहे. बालन्याय कायद्यातली ती व्याख्या संस्थेतून बाहेर पडलेल्यांपुरतीच, त्यामुळे नातेवाइकांकडे वाढलेले त्यात बसतच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच: बालसंगोपनातलं मूल 17 वर्षांचं झालं की बालकल्याण समितीनं त्याचा सातबारा, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, वारसनोंदी तपासून घ्याव्यात. तो कायद्यानं बालक आहे तोवरच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील नेमून घ्यावा आणि तोच वकील 21 पर्यंत ठेवावा. नाशिकपुरतं हे सुरू करायला मुंबईच्या जीआरची वाट कशाला बघायची?

मुलगा सोमवारी पुन्हा येणार आहे. अंबडच्या कारखान्यात त्या दिवसाचा पगार कापला जाईल, हे त्यानं मला आधीच सांगून ठेवलंय.

आपला,
कोर्टासमोरचा एक टंकलेखक, नाशिक