‘दूध पुरत नाही’ म्हणण्याआधी एकदा पाजताना बघा

मा. संपादक यांस,

१ ते ७ ऑगस्टला स्तनपान सप्ताह पाळतात, पोस्टर लागतात, भाषणं होतात. आईच्या दुधाचं महत्त्व खानापूर-निपाणीकडच्या वाडीवस्तीवरही आता कुणाला पटवावं लागत नाही. तरी तिसऱ्या दिवशी घरात पावडरचा डबा येतोच, कारण ‘दूध पुरत नाही’. बहुतेक वेळा दूध असतं. बाळाने नुसतं बोंड धरलेलं असतं, म्हणून ते त्याच्या पोटात जात नाही.

पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी ५ ते ७ मिली, म्हणजे चहाचा चमचाभर चीक पुरतो. पान्हा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भरतो, सिझेरियन झालं असेल तर थोडा उशिरा. तोवर बाळ दर तास-दोन तासांनी रडून मागतं, आणि आजीचा जीव खालीवर होतो. पण त्या ओढण्यानेच दूध वाढतं. एक वेळ डब्यावर भागवली की तेवढं अंगावरचं कमी ओढलं जातं, आणि पुढे दूध खरोखरच कमी होतं. पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात का, शी पिवळी झाली का, दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून येतं का, ते पाहावं.

आता पाजण्याविषयी. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक बोंडासमोर. बोंड वरच्या ओठाला लावत राहायचं. जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं की बाळाला पटकन छातीकडे आणायचं. आईने वाकायचं नाही. नीट धरलं तर हनुवटी छातीला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो, बोंडाभोवतीचा काळा भाग खालून कमी आणि वरून जास्त दिसतो. गाल आत ओढले जात नाहीत, गिळल्याचा आवाज येतो. सुटल्यावर बोंड चपटं, तिरकं दिसत असेल तर पकड चुकली. बहुतेक चिरा अशा चुकीच्या पकडीनेच पडतात. दुखत असेल तर ओढून सोडवू नये. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत घालून सोडवावं आणि पुन्हा धरवावं.

छाती दगडासारखी झाली की बाळाला धरताच येत नाही. आधी बोंडाभोवती बोटांच्या टोकांनी मिनिटभर आत दाबून धरावं, थोडं दूध हाताने काढावं, मग पाजावं. लाल चट्टा आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं, पण पाजणं थांबवू नये.

निपाणी भागात विड्या वळणाऱ्या आयांसाठी मुद्दाम सांगतो: तंबाखूची भुकटी हातावर, पदरावर बसते. साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन, पदर बदलून मगच बाळ घ्यावं. विड्या वळायचं तंबाखूचं सूप बाळाजवळ ठेवू नये. कामावर जाताना हाताने काढलेलं दूध झाकून सावलीत ठेवलं तर चार तास चालतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर संपवावं. ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावं, बाटलीने नको. सहा महिन्यांपर्यंत पाणी नको, मे महिन्यातही नको. बाळगुटीही नको, आणि मध तर एक वर्षापर्यंत नको.

काही बाळांना डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडर द्यावीच लागते, त्यात आईचा काही दोष नाही. मात्र डबा लवकर संपू नये म्हणून पाणी वाढवतात, त्याने बाळ उपाशी राहतं. आधी मोजून उकळलेलं गरम पाणी, मग डब्यावर लिहिलेले तेवढेच सपाट चमचे. कोमट झाल्यावर पाजावं, उरलेलं टाकून द्यावं. पावडरचे फुकट नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हेही घरच्यांना माहीत असावं.

आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागाची अडचण वेगळीच आहे. नाव एका राज्यात नोंदलेलं, बाळंतपण माहेरी चंदगड-गडहिंग्लजला, किंवा उलट. आशाताईंच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशीच्या भेटी मग निम्म्या राहून जातात. दोन्हीकडच्या आरोग्य खात्यांना विनंती, की बाळंतीण ज्या गावात असेल तिथल्या आशाताईने जावं आणि एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारी बसून बघावं. कन्नड वाचता न येणाऱ्या आईला तायी कार्डासोबत (कर्नाटकातलं माता-बाल नोंदींचं कार्ड) मराठीत एक पान मिळावं. त्यावर नीट पकडीचं चित्र, ओल्या लंगोटांची खूण करायला चौकटी आणि अडचण आल्यास फोन करायचा नंबर, एवढं असलं तरी पुरे.

– बाळंतिणींसोबत काम करणाऱ्या परिचारिका, खानापूर तालुका