मेलबर्नच्या आधीचे आठ मोसम

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पुरवणीतील लेखात एकदिवसीय क्रिकेटचा जन्म ५ जानेवारी १९७१ रोजी मेलबर्नला, पावसात कसोटी वाहून गेल्यामुळे, जवळजवळ योगायोगाने झाला असे म्हटले आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरते ते बरोबर आहे. पण त्या दिवशी मैदानात उतरलेल्या इंग्लंडच्या खेळाडूंना मर्यादित षटके नवी नव्हती. आठ मोसम ते आपापल्या कौंटीकडून, म्हणजे इंग्लंडमधल्या परगण्याच्या संघाकडून, हेच खेळत होते. या प्रकाराचे नियम घडले ते कौंट्यांच्या बाद स्पर्धेत (हरला तो संघ बाहेर), म्हणजे १९६३ साली सुरू झालेल्या जिलेट कपमध्ये. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

या स्पर्धेमागे उघड आर्थिक कारण होते. १९४७ च्या मोसमात कौंटी सामन्यांना वीस लाखांवर प्रेक्षक आले होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते सात लाखांच्या आसपास उरले. लेस्टरशायरचे सचिव माइक टर्नर यांनी १९६२ मध्ये शेजारच्या तीन कौंट्यांना घेऊन ६५ षटकांची छोटी स्पर्धा भरवून पाहिली आणि ती नॉर्थम्प्टनशायरने जिंकली. पुढच्याच वर्षी सर्व १७ कौंट्यांची स्पर्धा सुरू झाली. जिलेट या दाढीच्या पात्यांच्या कंपनीने तिला ६,५०० पौंड दिले.

सतरा हा बाद स्पर्धेला अडचणीचा आकडा. म्हणून आदल्या वर्षीच्या कौंटी विजेतेपदाच्या तक्त्यातील तळाच्या दोन संघांचा, लँकेशायर आणि लेस्टरशायरचा, प्राथमिक सामना १ मे रोजी ओल्ड ट्रॅफर्डला ठेवला. त्यातून उरलेल्या सोळांच्या चार फेऱ्या झाल्या. पावसामुळे हा पहिला ‘एकदिवसीय’ सामना संपायला दुसरा दिवस उजाडला, हे जाता जाता. लँकेशायरने तो १०१ धावांनी जिंकला आणि पीटर मार्नर स्पर्धेतला पहिला शतकवीर ठरला. याच लँकेशायरचा उपांत्य सामन्यात वूस्टरशायरने ५९ धावांत खुर्दा केला. जॅक फ्लॅव्हेलने १४ धावांत ६ बळी घेतले.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र गोलंदाजाच्या षटकांच्या मर्यादेचा, आणि तो एका फटक्यात जमला नाही. पहिल्या वर्षी डाव ६५ षटकांचा आणि एका गोलंदाजाला जास्तीत जास्त १५ षटके. म्हणजे चार चांगले गोलंदाज ६० षटके उरकणार, पाचव्याकडून कशीबशी ५ काढून घेतली की झाले. १९६४ मध्ये डाव ६० षटकांवर आला आणि मर्यादा १३ वर. चौघांची ५२ झाली, उरली ८. १९६६ पासून मर्यादा १२ केली, तेव्हा कुठे पाच गुणिले बारा असा नेमका हिशेब बसला. आता पाचवा गोलंदाज लपवायला जागाच उरली नाही. एक तर पाच खरे गोलंदाज खेळवा आणि फलंदाजी तोकडी करा, नाही तर अष्टपैलू शोधा. डावाचा एक पंचमांश हे प्रमाण पन्नास षटकांत दहा आणि वीस षटकांत चार म्हणून आजही चालू आहे. मेलबर्नलासुद्धा आठ चेंडूंच्या ४० षटकांत एका गोलंदाजाला ८ षटकांचीच मर्यादा होती.

क्षेत्ररक्षक किती दूर ठेवावेत यावर तेव्हा बंधन नव्हते. ठरावीक क्षेत्ररक्षक वर्तुळाच्या आत ठेवण्याचा नियम वगैरे फार पुढची गोष्ट. ही पळवाट सर्वांत आधी ओळखली ससेक्सचा कर्णधार टेड डेक्स्टरने. मध्यमगती गोलंदाजांनी यष्ट्यांच्या रोखाने, किंचित आखूड टप्प्यावर मारा करायचा, क्षेत्ररक्षक सीमारेषेकडे पांगवायचे, एकेक धाव खुशाल द्यायची आणि चौकार तेवढा द्यायचा नाही. पहिल्याच फेरीत पीटर रिचर्डसनने शतक ठोकूनही केंट हरले ते असेच. कसोटीच्या सवयीने स्लिप आणि गली, म्हणजे फलंदाजाच्या मागच्या झेलांच्या जागा, भरून ठेवणाऱ्या इतर कर्णधारांना हे उमगायला वेळ लागला. पाहणाऱ्यांना हे डावपेच रटाळ वाटत, आणि ते रटाळ होतेच. त्या काळी नियमांत बसत होते, एवढेच.

७ सप्टेंबर १९६३ चा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना नीट पाहिला, तर मर्यादित षटकांत फिरकी चालत नाही या समजाला पहिल्याच वर्षी तडा गेल्याचे दिसते. ससेक्सची सुरुवात चांगली होती, पण वूस्टरशायरच्या डावखुऱ्या फिरकीपुढे ते ६०.२ षटकांत १६८ धावांत आटोपले. नॉर्मन गिफर्डने ३३ धावांत ४ बळी घेतले आणि पराभूत संघात असूनही सामनावीराचा मान मिळवला. वूस्टरशायर ६३.२ षटकांत १५४ वर संपले. म्हणजे ससेक्सचे २८ चेंडू वाया गेले, वूस्टरशायरचे १०, आणि सामन्याचा फरक १४ धावांचा. षटके पुरवून खेळणे हेसुद्धा एक कसब आहे, हे दोन्ही संघांना अजून शिकायचे होते.

आपल्याला हे जवळचे वाटावे असे एक कारण आहे. १९७५ ते १९८३ चे तिन्ही विश्वचषक याच कौंटी मापाने, ६० आणि १२ च्या हिशेबाने, खेळले गेले. १९८३ च्या लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात वेस्ट इंडिज ५२ षटकांत बाद झाले. ती षटके अशी वाटली गेली: कपिल ११, संधू ९, मदनलाल १२, बिन्नी १०, अमरनाथ ७, कीर्ती आझाद ३. आघाडीचा वेगवान गोलंदाज कपिल एकटाच. बाकी बहुतेक भार मध्यमगतीवर. वीस वर्षांपूर्वी त्याच मैदानावर जिंकलेल्या ससेक्सचा माराही याच घडणीचा होता. आपले फलंदाज बऱ्यापैकी गोलंदाजी करणारे होते, म्हणून पाचव्या गोलंदाजाचा प्रश्न भारताला कधी जाचला नाही.

बाद पद्धतीचा तोटाही लेखात यायला हवा होता. पहिल्या वर्षी सतरा संघांपैकी नऊ संघ एकच सामना खेळून घरी गेले, आणि त्यांच्या गल्ल्यात फारशी भर पडली नाही. म्हणूनच १९६९ मध्ये रविवारची ४० षटकांची साखळी स्पर्धा आणि १९७२ मध्ये गटवार सामन्यांची तिसरी स्पर्धा काढावी लागली. बाद स्पर्धेची चुरस मात्र त्यांना आली नाही. लँकेशायरने १९७० ते १९७२ असा सलग तीनदा जिलेट कप जिंकला, तेव्हा त्यांचा यष्टिरक्षक आपल्या मुंबईचा फारुख इंजिनिअर होता.

आपल्याकडे प्रा. दि. ब. देवधरांच्या नावाचा करंडक १९७३-७४ मध्ये सुरू झाला तोही बाद पद्धतीनेच: पाच विभाग, चार सामने. लेखासोबतच्या कालपटात १९७१ नंतर एकदम १९७५ येते. त्यात १९६३, १९६६ आणि १९७३-७४ या तीन नोंदींची भर घालावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले