सड्यावर येताना

राजापूर,
५ जानेवारी

प्रिय विन्या,

तुझी यादी मिळाली. तंबू, गॅसची शेगडी, जाड जॅकेट, ६० लिटरची सॅक. हरिश्चंद्रगडावर रात्र काढायची असती तर मी एक वस्तूही कमी केली नसती. पण तू सड्यावर, म्हणजे आमच्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर येतोयस रे. इथे जानेवारीत रात्री एक चादर पुरते आणि मुक्काम आमच्याच घरी आहे. तेव्हा निम्मं सामान पुण्यालाच ठेव, ३० लिटरची सॅक आण आणि जी जागा मोकळी राहील तिच्यात पाणी भर.

पाण्याचं एवढं का सांगतोय ते ऐक. दोन वर्षांपूर्वी मी चुलतभावाला देवाचे गोठणेचा सडा दाखवायला नेलं. थंडीचे दिवस म्हणून दोघांत मिळून दोनच बाटल्या. सड्यावर झाड नाही, विहीर नाही. जांभा सकाळी गार असतो, अकरा वाजल्यापासून खालूनही तापायला लागतो. एक वाजता त्याच्या पोटऱ्यांत असे गोळे आले की पाय सरळ होईना. सावली म्हणून करवंदीची एक जाळी, तीही गुडघ्याएवढी. आबांची लांब दांड्याची काळी छत्री मी सवयीने घेतली होती, ती उघडून त्याच्या डोक्यावर धरली आणि उरलेलं घोट-घोट पाणी त्याला पाजलं. खालच्या वाडीतून एक मावशी हंडा घेऊन येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या दिवसापासून माणशी चार लिटर पाणी घेतल्याशिवाय मी घर सोडत नाही. सोबत साखर-मिठाची पुडी: लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आमसुलं मी घेतोच.

आणि छत्री. टोपीने डोकं झाकतं, छत्रीने सगळा माणूस झाकतो. मिटली की काठी होते आणि गवतात पाय टाकण्याआधी पुढे आपटता येते.

काठी कशासाठी ते तुला माहीत आहे, फुरशासाठी, त्या विषारी सापासाठी. दिवसा ते दगडाखाली असतं, तिन्हीसांजेनंतर बाहेर पडतं. म्हणून बूट घोट्याच्या वर येणारे हवेत, आणि नवे नकोत, महिनाभर वापरलेले आण. दगडाच्या फटीत हात घालायचा नाही. उजेडासाठी मोबाइलवर विसंबू नकोस, डोक्याला बांधायची बॅटरी आणि जादा सेल घे. देव न करो, पण चावलंच तर घट्ट आवळायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही आणि माणसाला दवाखान्यात न्यायचं. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते. पायाला आधार बांधायला मी लांब क्रेप बँडेज घेतो. सड्यावर रेंज जाते, म्हणून गावातल्या रिक्षावाल्याचा नंबर कागदावर लिहून तुझ्या खिशातही ठेवणार आहे.

लोकरीचे मोजे आणू नकोस. या दिवसांत गवत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं लोकरीत अशी रुततात की एकेक उपटताना बोटं सोलतात. टोक आत राहिलं तर चालताना टोचत राहतं. गुळगुळीत कापडाची पँट घाल, तिच्यावर ती फार टिकत नाहीत.

होकायंत्र मात्र जरूर आण. गोठण्याच्या कातळशिल्पापाशी, म्हणजे सड्याच्या दगडात कोरलेल्या जुन्या चित्रापाशी, ते जमिनीवर ठेवून बघ, सुई भलतीकडेच वळते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तिथे बसून राहिलो होतो. त्या जागी दिशा सूर्यावरूनच धरायची.

दुसऱ्या दिवशी कशेळी. सकाळी ऊन तापायच्या आधी सड्यावर कोरलेला हत्ती बघू. त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेत, ते तिरप्या उजेडातच नीट दिसतात. मग कनकादित्याचं दर्शन घेऊन देवघळीला, खाली समुद्रावर उतरू. त्यासाठी सॅकमध्ये पंचांग हवं. हसू नकोस! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. आपण जाऊ त्या दिवशी अष्टमी आहे, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराला. पण अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीला जोर कमी, ओहोटीचं पाणी फार मागे हटत नाही. खडकांना वळसा घालायचा तो साडेबाराच्या आत, पाय ओले होतील तिथून मागे फिरायचं. वर चढून आलो की वडाखाली भाकरी सोडू. आई तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी देणार आहे, डब्याची काळजी नको.

छत्री तेवढी आणू नकोस. तुमच्या तिकडच्या घडीच्या छत्र्या इथल्या वाऱ्याला उलट्या होतात. आबांची दुसरी लांब छत्री माळ्यावर होती, तिच्या दोन काड्या मोडल्या होत्या. काल बाजारातून बसवून आणली आहे.

तुझा,
सदा