तुमच्या प्रत्येक ‘नको’साठी

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

कुणी आभार मानले की तुम्ही विषय बदलता, हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून यावेळी लिहूनच टाकते, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं उघड. जुन्या मॅन्युअल फोकस (हाताने रिंग फिरवून फोकस करायच्या) लेन्सच्या नादी लागलेली माणसं हल्ली मला विचारतात, सुरुवात कुठून करू? मी जे सांगते ते जवळजवळ सगळं तुमचं असतं. ते माझ्या नावावर खपू नये.

हे घे, ते घे, असं सुचवणारे पुष्कळ भेटले. तुम्ही मात्र मला सगळ्यात जास्त वेळा ‘नको’ म्हणालात, आणि दर वेळी कारण सांगून. या पत्रात त्या नकारांचेच आभार आहेत.

पहिला नकार प्रश्नालाच होता. मी एका जुन्या सोव्हिएत लेन्सबद्दल विचारलं होतं, ‘हेलिओस घेऊ का?’ तुम्ही म्हणालात, ‘लेन्सचं नाव नको, आधी कॅमेरा सांग.’ मग फोनवरच वजाबाकी करायला लावलीत. लेन्सचं माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) जिथे टेकतं तिथपासून फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कॅमेरा घराण्याचं ठरलेलं असतं. एम४२ या स्क्रू माउंटचं ४५.४६ मिमी, निकॉन एफचं ४६.५, कॅननच्या ईएफचं ४४, त्याच कॅननच्या जुन्या एफडीचं ४२. आरसा काढून टाकलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत ते एकदम खाली येतं: सोनी ई १८, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६. लेन्सच्या अंतरातून कॅमेऱ्याचं अंतर वजा करायचं, उरेल तेवढी अडॅप्टरची, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या तुकड्याची, जाडी. एम४२ लेन्स सोनीवर लावायची तर २७.४६ मिमीची पोकळ नळी पुरते. कॅननच्या ईएफवर १.४६ मिमीची कडी. निकॉनच्या डीएसएलआरवर (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) उत्तर उणे येतं, म्हणजे लेन्स आधीच एक मिलिमीटर पुढे. अशा जोडीत ५८ मिमीची लेन्स जेमतेम तीन मीटरपर्यंत फोकस होते, पुढचं सगळं धूसर.

याच वजाबाकीत मला एक इतिहासही दिसला. १९८७ साली कॅननने ईओएस या नव्या कॅमेऱ्यांसाठी माउंट बदलून ईएफ केलं आणि एफडीच्या उत्तमोत्तम लेन्स त्यांच्याच कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यावर निरुपयोगी झाल्या, कारण ४२ मधून ४४ जात नाहीत. वीसेक वर्षं त्या कपाटात पडून राहिल्या. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी१ हा मिररलेस कॅमेरा आला, मग २०१० मध्ये सोनीचे एनईएक्स, २०१३ मध्ये पूर्ण फ्रेमचा (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरचा) ए७, आणि या लेन्सना पुन्हा घर मिळालं. मला वाटायचं, जुन्या लेन्सची ही लाट म्हणजे हौशी लोकांची आठवणींची ओढ. खरं कारण निम्मं तरी यांत्रिक आहे: आरसा गेला आणि जागा झाली.

दुसरा नकार काचेच्या अडॅप्टरला. एफडी लेन्स ईएफवर बसवण्यासाठी आत एक भिंग घातलेले अडॅप्टर मिळतात. तुम्ही म्हणालात, ‘पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी डोकं लावून जमवलेल्या सहा भिंगांमागे आज कुठलंही सातवं भिंग नको.’ फोकल रिड्यूसरला मात्र तुम्ही सूट दिलीत. तेही भिंगच, पण त्याचं काम उलटं: ०.७१ पट आकुंचन करून प्रतिमा लहान सेन्सरवर आणायची आणि एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्यायचा. तुमच्या तत्त्वात अशा फटी आहेत, आणि त्या तुम्ही लपवत नाही, म्हणूनच ते तत्त्व पटतं.

अडॅप्टर जाडीला अचूक हवा, हेही तुम्ही आकड्यात सांगितलंत. ०.१ मिमी जास्त जाड झाला तर ५० मिमीची लेन्स २५ मीटरच्या पुढे जात नाही. २४ मिमीची वाइड लेन्स तर पावणेसहा मीटरवरच अडकते. म्हणून बनवणारे तो मुद्दाम किंचित पातळ ठेवतात आणि लेन्स अनंताच्याही (सगळ्यात दूरच्या फोकसच्याही) पुढे फिरते. चित्र काढायला हरकत नाही, पण मग फोकस रिंगवरच्या अंतराच्या आकड्यांवर विसंबायचं नाही आणि रिंग शेवटाला ठोकून ‘झालं अनंत’ म्हणायचं नाही.

आता हेलिओस. त्या लेन्सच्या निमित्ताने तुम्ही मला लेन्सची वंशावळ दिलीत, आणि ती मला कुठल्याही लेन्सपेक्षा मोलाची वाटते. त्सायस या जर्मन कंपनीत पॉल रुडॉल्फने १८९६ साली प्लानार ही भिंगांची रचना काढली, १९०२ साली टेसार. प्लानारची सहा भिंगं चार गटांत, म्हणजे हवा आणि काच आठ ठिकाणी भेटणार. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड परत फिरतो, आणि परत फिरलेला उजेड आत भटकून चित्र पांढुरकं करतो. त्यामुळे ती रचना चांगली असूनही बराच काळ मागे पडली. लुडविग बर्टेलेने सोनार या रचनेत भिंगं एकमेकांना चिकटवून असे पृष्ठभाग कमी केले, ते याच अडचणीवर उत्तर म्हणून. १९३५ मध्ये त्सायसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने परावर्तन रोखणारं कोटिंग शोधलं आणि प्लानारच्या वंशाचे दिवस पालटले. त्या वंशातली बायोटार ५८ मिमी एफ/२. युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी तिच्यावरून हेलिओस-४४ केली, सोनारवरून ज्युपिटर-९. हेलिओसच्या कडीवरचं लाल सिरिलिक ‘प’ म्हणजे कोटिंगची खूण, आणि सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा बनावटीचं साल. हे कळल्यापासून कुठलीही लेन्स हातात आली की मी आधी तिचं घराणं शोधते. ब्रँड मागाहून.

हेलिओसने काढलेल्या फोटोत मागची धूसर पार्श्वभूमी गोल भोवऱ्यासारखी फिरते, हे सगळ्यांना माहीत असतं. ती केव्हा फिरत नाही, हे तुम्ही सांगितलंत. तो परिणाम फ्रेमच्या कडेला असतो, कारण तिथे तिरका येणारा उजेड लेन्सच्या नळीतच कापला जातो आणि उजेडाचे धूसर ठिपके मांजराच्या डोळ्यासारखे निमुळते होतात. दीडपट क्रॉपच्या, म्हणजे पूर्ण फ्रेमपेक्षा तेवढ्या पटीने लहान सेन्सरवर ती कडच चित्राबाहेर जाते. शिवाय मागे पानांतून झिरपणाऱ्या उजेडासारखं काही बारीक, ठिपक्याठिपक्याचं हवं. कोऱ्या भिंतीपुढे हेलिओस इतर कुठल्याही लेन्ससारखीच वागते. ‘लहान सेन्सरवर भोवरा शोधू नको, तिथे तिला ८७ मिमीची पोर्ट्रेट लेन्स समज,’ हे तुमचं वाक्य मी आजवर कितीतरी जणांना ऐकवलं असेल.

तिचं प्रीसेट अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं लहानमोठं होणारं छिद्र, ज्याची मर्यादा आधी ठरवून ठेवता येते) ही मला आधी नुसती कटकट वाटली. दोन कड्या कशाला? मग तुम्ही डोळे मिटून वापरायला लावलंत: एका कडीने मर्यादा ठरवायची, दुसरी मोकळी फिरते, उघडून फोकस करायचा, मिटवून शटर दाबायचं, नजर व्ह्यूफाइंडरमधून न काढता. मिररलेसमध्ये अ‍ॅपर्चर मिटलं तरी पडदा उजळच राहतो, त्यामुळे हा खटाटोप दर वेळी लागतही नाही. ज्युपिटर-९ च्या बाबतीत तर तुम्ही उलटंच सांगितलंत. त्या रचनेत अ‍ॅपर्चर मिटवताना फोकस सरकतो, तेव्हा ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरवर फोकस कर.

मेनूमधल्या दोन गोष्टींबद्दलही आभार, कारण त्या कुणी सांगत नाही आणि त्यांच्यापायी लोक चांगला अडॅप्टर बिघडलेला समजतात. लेन्स जोडलेली नसताना शटर चालू देण्याची परवानगी सेटिंगमध्ये द्यावी लागते, कारण कॅमेऱ्याला ही लेन्स दिसतच नाही. आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा मिमीतला आकडा, स्वतः भरायची, लेन्स बदलली की पुन्हा भरायची. १३५ मिमीची लेन्स लावून कॅमेऱ्याला ३५ सांगितलं तर तो जेवढं सावरायला हवं त्यापेक्षा खूप कमी सावरतो.

पण तुमचे खरे कडक नकार होते ते स्क्रूड्रायव्हरच्या बाबतीत. टॉर्च मागून लावून लेन्स बघायला तुम्ही शिकवलंत. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल चमकतं का, कडेने इंद्रधनुषी पट्टा दिसतो का (भिंगं चिकटवणारा बाल्सम सुटतोय), कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का. ‘धूळ असली तर हसून सोड, बाल्सम सुटला असेल तर घेऊ नको, फंगस (बुरशीचे ते धागे) असेल तर मला विचार.’ मला वाटायचं, फंगस म्हणजे पुसायचं आणि मोकळं व्हायचं. तुम्ही समजावलंत की कोटिंगचा थर मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका असतो. वरवरची बुरशी नीट स्वच्छ करता येते, पण तिने कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग राहणारच. पॉलिश लावून घासलं तर डागाबरोबर उरलेलं कोटिंगही जातं. तो एवढासा डाग चित्रात बहुधा दिसतही नाही, घासलेलं भिंग मात्र उजेडासमोर धरलं की लगेच दिसतं.

हेलिकॉइडच्या, म्हणजे फोकस रिंगच्या आतल्या स्क्रूसारख्या आट्याच्या, बाबतीत तर तुम्ही धमकीच दिली होतीत! फोकस रिंग जड झालेली, आतलं ग्रीस वाळलेलं, आणि मी उघडायला अधीर. त्या आट्याला सुरुवात एक नसते, अनेक असतात, आणि ज्या जागी तो सुटला नेमका तिथेच पुन्हा बसवला तरच अनंत सापडतं. सुटण्याच्या क्षणी खूण केली नाही तर पुढचा वेळ सगळ्या सुरुवाती एकेक करून बघण्यात जातो. तुम्ही म्हणालात, ‘खूण करायची सुई हातात नसेल तर रिंग हातात घेऊ नको.’ जपानी लेन्सच्या स्क्रूंना जपानी मापाचाच स्क्रूड्रायव्हर लागतो, साध्या फिलिप्सने डोकी झिजतात, हेही त्याच दमात. त्या धमकीमुळे वाचलेल्या लेन्स आज छान फिरतात.

टाकुमारचं प्रकरण वेगळं लिहायला हवं. पेंटॅक्सची सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४, सात भिंगांची आवृत्ती, आतून चहाच्या रंगाची पिवळी. मी ती परत करायला निघाले होते. त्या आवृत्तीच्या काचेत थोरियम आहे. अपवर्तन जास्त आणि रंगांची फाटाफूट कमी, अशी काच मिळावी म्हणून त्या काळी ते घालत, आणि त्याच्या किरणोत्सर्गाने वर्षानुवर्षांत काच पिवळी पडते. ‘परत करू नको, अल्ट्राव्हायोलेट दाखव.’ तेही उन्हात उघडी ठेवून नव्हे, कारण ती शेवटी भिंग आहे, काहीतरी पेटवेल किंवा तापून ग्रीस पात्यांवर उतरेल. अल्ट्राव्हायोलेट एलईडीखाली, मागे चकचकीत फॉइल लावून, धीर धरून. हळूहळू पिवळेपणा ओसरला. घाबरू नको, पण भिंग फोडू वा घासू नको आणि डोळ्याला लावायची काच म्हणून वापरू नको, एवढी सूचना जोडायला तुम्ही विसरला नाहीत.

शेवटचा मोठा नकार संग्रहाला. ५० मिमीच्या सगळ्याच लेन्स हव्याशा वाटायला लागल्या तेव्हा तुम्ही प्रत्येक नव्या लेन्सबद्दल एकच विचारत राहिलात: ‘हिचं घराणं तुझ्याकडे नाही का?’ बहुतेक वेळा असायचंच. त्यामुळे माझ्याकडे आज लेन्स थोड्या आहेत आणि एकमेकींपासून खरंच वेगळ्या आहेत. कोरड्या डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासकट, चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये. हेही तुमचंच.

एका बाबतीत मात्र मी ऐकलेलं नाही. फोकस पीकिंगला (फोकसमधल्या कडा पडद्यावर रंगीत रेषांनी दाखवणाऱ्या सोयीला) तुम्ही ‘रंगीत थाप’ म्हणता, आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर, कमी कॉन्ट्रास्टच्या जुन्या लेन्सला, ते खरंही आहे. रेषा इतक्या जाड येतात की पापणी आणि कान दोन्ही फोकसमध्ये असल्यासारखे वाटतात. अशा वेळी मी प्रतिमा मोठी करूनच बघते. पण धावतं मूल समोर असेल तर मोठी करायला वेळ कुठे असतो? तेव्हा एफ/५.६, पीकिंग चालू, आणि भराभर रिंग फिरवणं. निम्मे फोटो वाया जातात. उरलेले या पत्राबरोबर पाठवते आहे, ते बघा आणि मग काय ते बोला.

तुमची कृतज्ञ,
नकार ऐकून शिकलेली एक विद्यार्थिनी