गांडीव हातातून सुटतं तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख मी कापून ठेवला आहे. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडू लागला, जीभ अडखळली तर क्षणभरही थांबू नका, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, हे त्यात फार नीट सांगितलं आहे. आमच्या नशिबी ते इंजेक्शन नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात हे सकाळी उठले तेच उजवा हात-पाय गेलेल्या अवस्थेत. रात्री कधी काय झालं ते कोणालाच सांगता येईना.

लेख दवाखान्यातून सुट्टी मिळण्यापाशी थांबतो. त्यापुढचं लिहावं म्हणून हे पत्र.

माझे यजमान चौतीस वर्षं बँकेत कॅशियर होते. नोटा मोजणारा तो उजवा हात आता मांडीवर नुसता पडलेला असतो. आघात मेंदूच्या डाव्या बाजूला झाल्यामुळे वाचाही गेली. पाणी हवं असलं की 'पाणी' हा शब्द सापडत नसे, भलताच शब्द तोंडी येई आणि तो चुकला हे त्यांना कळत असे. मग रडू. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी रडू. न्यूरॉलॉजिस्टनी समजावलं की मेंदूतला भावनांवरचा लगाम सैल झाला की असं होतं, दर वेळी त्यामागे दुःख असेलच असं नाही. ते ऐकून मला धीर आला. पण दोन महिन्यांनी रडणं थांबलं आणि त्याहून वाईट सुरू झालं. फिजिओथेरपीवाला आला की हे भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवण नको, नातवाचा फोन नको, कूलर लावू का विचारलं तर मान हलवण्याचेही कष्ट नकोत.

या काळात घरी येणाऱ्या माणसांची रीघ होती. प्रेमानेच येत. संत्री आणत, उशाशी बसत आणि उपदेश करत. "वहिनी, भाऊजींना गीता वाचून दाखवा. आत्म्याला थोडाच लकवा मारतो?" "प्रारब्धाचे भोग आहेत, भोगूनच संपवायचे." "धीर धरा हो, पुरुषासारखा पुरुष तुम्ही!" ऐकताना यांचे डोळे आणखी आत जात. आणि मी, आयुष्यभर नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत संस्कृत शिकवलेली बाई, चहाचे कप भरत उभी असे. माहेर वर्ध्याचं, सेवाग्रामच्या सायंप्रार्थनेतले स्थितप्रज्ञाचे श्लोक लहानपणापासून पाठ. तरी त्या दिवसांत गीतेचं नाव ऐकलं की मला राग येई.

एका दुपारी रागानेच पोथी उघडली. पहिल्या अध्यायात अर्जुन काय म्हणतो ते मी मुलांना कितीदा शिकवलं असेल. "सीदन्ति मम गात्राणि", गात्रं गळून जात आहेत. तोंड कोरडं पडलं आहे, अंगाला कंप सुटला आहे, "गाण्डीवं स्रंसते हस्तात्", धनुष्य हातातून निसटतं आहे, उभं राहवत नाही, मन भोवंडतं आहे. सकाळीच यांच्या हातून चहाचा कप निसटून फुटला होता. शिकवताना हा श्लोक मला अलंकारिक वाटे. त्या दुपारी तो आमच्या पलंगाशेजारी घडलेला वाटला. जिला आपण सर्वांत मोठं सांत्वन मानतो ती गीता हात-पाय गळालेल्या, रडणाऱ्या माणसापासून सुरू होते, आणि त्या रडण्यालाही परंपरेने 'योग' म्हटलं आहे, अर्जुनविषादयोग.

पुढे जे घडतं ते तर आपण वाचताना ओलांडूनच जातो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण आधी झिडकारतात. "क्लैब्यं मा स्म गमः", असा नामर्दपणा करू नकोस, हृदयाचं हे क्षुद्र दुबळेपण टाक, ऊठ. आमच्याकडे येणारे हेच सांगत होते. पण याने अर्जुन उठत नाही! तो आपली अडचण पुन्हा मांडतो, मी तुझा शिष्य आहे, मला शिकव म्हणतो, आणि "न योत्स्ये", मी लढणार नाही, एवढं बोलून गप्प बसतो. उपदेश सुरू होतो तो त्यानंतर, आणि मागितला म्हणून. दरडावणीचा उपयोग झाला नाही हे खुद्द गीतेत लिहून ठेवलं आहे. मग आपण आजाऱ्याच्या उशाशी बसून ती पहिली दरडावणीच का उचलतो?

प्रारब्धाबद्दलही तेच. वेदान्तात त्याला सुटलेल्या बाणाची उपमा देतात, तो परत घेता येत नाही. पण हातात जो बाण आहे त्याला क्रियमाण म्हणतात आणि तो आपला असतो. यांनी रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिने परस्पर बंद केल्या होत्या. पूर्वजन्मापर्यंत जायची गरज नव्हती. आणि आज वेळेवर गोळी देणं, उद्या सकाळी खांद्याचा व्यायाम करून घेणं हे क्रियमाण आमच्या हातात होतं.

मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं तेव्हा घरात वादळ उठलं. एक वडीलधारे म्हणाले, "मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं ना? आता पागलखान्याच्या डॉक्टरकडे काहून नेता?" नागपुरात मानसोपचार म्हटलं की लोकांना अजून कोराडी रोडवरचं मनोरुग्णालयच आठवतं. डॉक्टरांनी सांगितलं की स्ट्रोकनंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येतं. त्याला परिस्थितीचं दुःख तर कारण असतंच, पण मेंदूला झालेली इजाही असते. वर उदास माणूस व्यायाम करत नाही, म्हणून हात-पायही मागे राहतात. हे आम्हाला सुट्टी देताना कोणी का सांगितलं नाही? कागदावर मीठ किती ते होतं, गोळ्या किती ते होतं, मनाबद्दल एक ओळ नव्हती. पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताच्या विक्षेपांची, म्हणजे मन विचलित करणाऱ्या अडथळ्यांची, यादी दिली आहे, तिच्यात पहिलं नाव 'व्याधी' आहे, आणि त्यांच्या सोबतीने येणारे म्हणून दुःख, दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता, आणि अंगाचा कंप एकाच सूत्रात सांगितले आहेत. शरीर आणि मन वेगळ्या खिडक्यांवर पाठवायची पद्धत आपल्या परंपरेतली नव्हे.

गोळ्या सुरू झाल्या. पाच-सहा आठवड्यांनी एका सकाळी यांनी स्वतःहून खिडकी उघडायची खूण केली. गीतेची दारं आमच्यासाठी त्यानंतर उघडली, आधी नाही. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण गोळीऐवजी पोथी असं कोणी समजू नये.

वाचेचं एक सांगते. संध्याकाळी मी दिवा लावून रामरक्षा म्हणत होते आणि मागून आवाज आला. दोन शब्दांचं वाक्य न जुळणारा माणूस अख्खी ओळ म्हणत होता. मला चमत्कारच वाटला. स्पीच थेरपी देणाऱ्या मुलीने शांतपणे सांगितलं, "काकू, पाठ असलेलं, गाणं, आकडे हे बरेचदा शाबूत राहतं. मनातलं नवं वाक्य बोलणं वेगळं. पण याचा उपयोग करू." तिने युक्ती दिली की ओळीतला शेवटचा शब्द मी सोडायचा आणि तो यांनी भरायचा. रामरक्षेत एक श्लोक आहे, "रामो राजमणिः" पासून सुरू होणारा, ज्यात 'राम' शब्दाच्या सगळ्या विभक्ती ओळीने येतात. वर्गात तो मी विभक्तीसाठीच पाठ करून घेत असे. तो संपतो संबोधनावर, "भो राम मामुद्धर". मी "भो राम" म्हणून थांबायची आणि हे म्हणायचे, "मामुद्धर". मला वर काढ.

गीतेतलं "उद्धरेदात्मनात्मानम्" सगळ्यांना ठाऊक आहे, स्वतःच स्वतःला वर काढावं. आजाऱ्याला ते ऐकवायला आपण फार उत्सुक असतो. पण 'मला वर काढ' म्हणण्याची मुभाही त्याच धर्माने दिली आहे, रोज संध्याकाळी म्हणायला दिली आहे. चौतीस वर्षं कोणाकडे पेनसुद्धा न मागितलेल्या माणसाला ती मुभा फार लागत होती. पुढे संडासला जाताना हात मागायची लाज हळूहळू कमी झाली.

आता हे वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात. बोलणं तुटक आहे, तसंच राहील असं डॉक्टर म्हणतात. मध्यंतरी मी स्थितप्रज्ञाचे श्लोक पुन्हा म्हणू लागले आणि अर्जुनाच्या प्रश्नाशी अडले. तो विचारतो, स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? लकवा माणसाकडून नेमक्या याच तीन गोष्टी नेतो. आणि श्रीकृष्णाच्या उत्तरात जिभेची, पाठीच्या कण्याची, पायांची अट कुठेच नाही. इच्छा, राग, भय यांच्याबद्दल ते बोलतात. हे मी यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ पोथीकडे बघत राहिले आणि मग डाव्या हाताने त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

आपल्याला विनंती अशी की लेखाचा दुसरा भाग छापा, स्ट्रोकनंतरच्या मनावर. एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून आणि वाचा-उपचार करणाऱ्याकडून लिहून घ्या. जे कीर्तनकार, प्रवचनकार आपल्या धार्मिक पानावर लिहितात त्यांनाही सांगा की आजाऱ्याच्या घरी काय बोलू नये यावर एकदा लिहा. आणि केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक मोठ्या टायपात छापा. आपलं ते पान वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे आहेत.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका
प्रतापनगर, नागपूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)