धरमपेठेतल्या मुद्रितशोधक काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

लेकीला शुद्धलेखन शिकवल्याबद्दल तुम्ही एक पैसा घेतला नाही, आणि आभार मानायला घरी आलं की विषय बदलून चहा टाकायला लावता. म्हणून हे जाहीर पत्र.

सातवीतली पोर निबंध झकास लिहायची, पण वही परत यायची ती लालभडक होऊन. वर्गात 'गावंढळ' हेही ऐकून झालं होतं. तुम्ही चुका मोजल्या नाहीत, त्या वेगवेगळ्या केल्या. 'पानी', 'लोनी' एकीकडे: आजी काटोलकडची, घरात 'ण' कानावर पडतच नाही, पोर ऐकते तेच लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ दुसरीकडे. 'फूल' आणि 'फुलाला' यांतला उकार बोलताना आपण वेगळा काढतो तरी कुठे? ती चूक कानाला कळायची नाही, तिथे नियमच लागतो. आणि नियम तरी कुठे अढळ! तुमचे मास्तर 'कवि' लिहीत, ते बरोबरच होतं. 1962 साली शासनाने साहित्य महामंडळाचे 14 नियम स्वीकारले आणि 'कवी' बरोबर झालं. 1972 मध्ये आणखी 4 आले. हे ऐकल्यावर पोरीने विचारलं, "म्हंजे मी ढ नाही ना जी, आजोबा?"

तुमच्या ओट्यावर येणाऱ्या त्या दुसऱ्या मुलाची गोष्ट निराळी. त्याची अक्षरंच उलटसुलट व्हायची, वाचतानाही अडखळायचा. त्याला नियम घोकायला न लावता तुम्ही आईवडिलांना तपासणी करून घ्यायला लावलीत. वाचण्या-लिहिण्यातली अशी अडचण, म्हणजे अध्ययन अक्षमता, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळते, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक होतं? पूर्वी अशा पोराच्या वाट्याला छडीच यायची.

हल्ली 'भाव कळला ना, झालं तर मग' म्हणणारे बरेच भेटतात. मला ते अर्धंच पटतं. अर्जातली वेलांटी चुकली की लोक अजूनही माणसाची अक्कल काढतात, ते काही एवढ्यात थांबत नाही. तुम्ही बोलीला नावं न ठेवता लेखी भाषा शिकवलीत, हे मोठं. पोर आजीशी बोलताना 'पानी'च म्हणते, वहीत 'पाणी' लिहिते.

एक भांडण मात्र उरलंय. शब्दाच्या शेवटची वेलांटी दुसरी, असं तुम्हीच शिकवलंत. मग 'आणि'ची पहिली का? 'अपवाद' हे उत्तर तिला मुळीच मान्य नाही. रविवारी सकाळी येते आहे, तयारीत राहा.

आपली,
तिची आई